आठ अंशांचा करार

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या विम्याचं बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘ट्रिगर लागला नाही, म्हणजे नुकसान नाही.’ ट्रिगर म्हणजे भरपाईसाठी ठरलेली हवामानाची अट; केळीवाल्याला यातला पहिला भाग कळतो. दुसरा ऐकला की त्याचं डोकं फिरतं आणि ते फिरणं रास्त आहे, कारण पहिल्या भागातून दुसरा निघतच नाही.

याच वाक्याचं सुटाबुटातलं भावंड प्रकल्प अहवालांमध्ये भेटतं. रायपनिंग चेंबर असो की निर्यातीचं पॅकहाउस, अहवालात जोखमीचं एक प्रकरण असतंच. त्यात तक्ता : वादळ, शक्यता 2, परिणाम 4, गुणाकार 8, रंग पिवळा. हे 2 आणि 4 आले कुठून, हे बँकेतलं कोणी विचारत नाही आणि सल्लागार सांगत नाही. चौकोन रंगला की वादळाची व्यवस्था झाली, असं दोघांनाही वाटतं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी घडासकट उभी बाग आडवी होते, कापणीची टोळी, ट्रक, दिल्लीच्या व्यापाऱ्याशी झालेला बोल, सोसायटीचा हप्ता अशी सगळी साखळी एकदम तुटते, आणि तेव्हा काय करायचं याबद्दल त्या पिवळ्या चौकोनात अवाक्षर नसतं.

दोन्हीकडे गोंधळ एकच आहे. न सांगता येणाऱ्या घटनेसाठी व्यवहारात जागा करून ठेवणं वेगळं आणि ती घटना आपल्याला कळली असं मानणं वेगळं. हा फरक नीट समजून घेऊन मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, आणि त्याचंच म्हणणं आज उलटं वाचलं जातं.

आधीचा इतिहास भराभर ओलांडू. पास्काल आणि फर्मा यांचा 1654 चा पत्रव्यवहार, बर्नुलीचा 1713 चा ग्रंथ, पुढे आयुर्विम्याचे मृत्युतक्ते. कोण कधी मरेल ते सांगता येत नाही, पण हजारांत किती मरतील ते बऱ्यापैकी सांगता येतं, या एका शोधावर विमाधंदा उभा राहिला. 1921 मध्ये फ्रँक नाइटने मोजता येणारी जोखीम आणि मोजताच न येणारी अनिश्चितता यांच्यामध्ये रेघ मारली. व्यवस्थापनाचे विद्यार्थी ही रेघ पहिल्या वर्षी पाठ करतात आणि नोकरी लागली की वरचा तक्ता भरायला बसतात.

शेतीच्या विम्याचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलेलं होतं. इथे शक्यता काढण्याआधीच नुकसान मोजण्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे 1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 कपाशीसाठी विमा सुरू झाला तो शेतकरीनिहाय होता : ज्याचं शेत, त्याचं नुकसान, त्याची भरपाई. पुढे तो आणखी काही राज्यांत गेला. 1978 पर्यंत त्यात 3,110 शेतकरी आले, हप्ता जमला 4.54 लाख रुपये आणि भरपाई गेली 37.88 लाख. लोक लबाड होते असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. नुकसानीची भीती ज्याला जास्त तोच विमा घेतो; विमा घेतल्यावर शेवटची फवारणी करावी की नाही, याचा हिशोब बदलतो; आणि दोन-चार एकरांच्या तुकड्यावर पंचनाम्याला माणूस पाठवायचा खर्च हप्त्यालाच खाऊन टाकतो. त्याआधी, 1970 साली नेमलेल्या धर्मनारायण समितीने तर पीकविमा भारतात इतक्यात नकोच, असा निर्वाळा दिला होता.

या निर्वाळ्याला उत्तर दिलं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी. दांडेकर म्हटलं की आपल्याला दांडेकर-रथ आणि दारिद्र्यरेषा आठवते. त्यांचा 1976 चा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला पीकविम्यावरचा लेख मागे पडतो. त्यांनी सुचवलं ते असं : शेत सोडा, क्षेत्र धरा. सारख्या हवामानाचं, सारख्या जमिनीचं क्षेत्र हे एकक माना. पीक कापणी प्रयोगांतून त्या क्षेत्राचं सरासरी उत्पादन काढा. ते आधी ठरवलेल्या उंबरठ्याखाली गेलं, तर क्षेत्रातल्या प्रत्येक विमाधारकाला एकाच दराने भरपाई द्या. 1979 ची प्रायोगिक योजना याच पायावर उभी राहिली, आणि तिच्यात हप्त्याहून भरपाई कमी गेली. 1985 ची सर्वंकष योजना, 1999 ची राष्ट्रीय योजना, 2016 ची पंतप्रधान योजना या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

इथेच चुकीचं वाचन सुरू होतं. सर्वसाधारण समज असा की शेताशेतात जाणं परवडत नव्हतं म्हणून दांडेकरांनी एक स्वस्त तडजोड काढली. शेतकरी नेते त्याला अन्याय म्हणतात, अधिकारी नाइलाज म्हणतात, पण तडजोड हे दोघांनाही मान्य असतं. मला ते मान्य नाही. दांडेकरांनी मोजमाप स्वस्त केलं हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी प्रश्न बदलला. ‘तुझं किती गेलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘काय घडलं की पैसे द्यायचे?’ हा प्रश्न त्यांनी व्यवहाराच्या मध्यभागी आणला, आणि त्याचं उत्तर पेरणीआधी लिहून ठेवायला लावलं. जे घडलं की पैसे मिळणार, ते एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही आणि विमा कंपनीच्याही हातात नाही. त्यामुळे फवारणी टाळून भरपाई वाढत नाही आणि पंचनाम्यात कसर काढून कमीही होत नाही.

यावर कोणी म्हणेल, क्षेत्राचा हिशोब तर महसूल खात्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. आहे खरा. आणेवारी, आताची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, गावाचीच लागते. पण ती पीक उभं राहिल्यावर लागते, आणि 50 पैशांच्या वर की खाली या प्रश्नावर तालुक्याच्या ठिकाणी काय काय चालतं ते खानदेशात कोणाला सांगायला नको. दांडेकरांचा उंबरठा आधीच्या वर्षांच्या उत्पादनावरून, हंगामाआधी ठरतो. या ‘आधी’त सगळं आलं.

हा विचार अगदी पहिल्यांदा दांडेकरांनीच केला असंही नाही. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 च्या पुस्तकात थेट पावसावर विमा सुचवला होता : पाऊस अमुक इतका कमी पडला तर भरपाई, पीक बघायलाच जायचं नाही. अमेरिकेत हॅरॉल्ड हॅल्क्रो क्षेत्राच्या विम्याबद्दल लिहू लागला तो 1949 मध्ये. चक्रवर्तींची कल्पना आपल्याकडे व्यवहारात यायला मात्र 2003 उजाडलं. त्या वर्षी महबूबनगरमध्ये पर्जन्यविम्याचा प्रयोग झाला. 2007 मध्ये हवामानावर आधारित सरकारी योजना आली आणि तिच्यातूनच आपली केळी आज विमा घेते.

या योजनेत निकष अधूनमधून बदलतात, त्यावरून जिल्ह्यात रान पेटतं, मग जुने परत येतात. सांगाडा साधारण असा : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग 3 दिवस किमान तापमान 8 अंश किंवा त्याखाली गेलं की ठरलेली रक्कम. उन्हाळ्यातल्या तापमानालाही अशीच अट. मोजणार कोण? महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र : कुंपणातला एक खांब, वर वाऱ्याच्या वाट्या, खाली पांढऱ्या झडपांच्या डब्यात तापमापक.

आता जानेवारीतली एक रात्र घ्या. आकाश निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री जमीन उष्णता वर सोडते, जमिनीलगतची हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे उतरून सखल भागात साचते. तापीकाठच्या बागा अशाच सखल भागात. केंद्र गावालगत उंचवट्यावर असेल तर ते 8.4 दाखवेल आणि बागेत पारा 7 च्या खाली असेल. निसवणीला आलेला घड खोडात अडकतो, पानं पिवळी पडतात, कांदेबाग लागवडीच्या केळीची वाढ थिजते. खांबाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असावं म्हणून तो उभा केलेलाच नाही. 8 हा आकडा केळीच्या शरीराबद्दलचं विधान नव्हे. तो दोन पक्षांनी आधी मान्य केलेला खुंट आहे. ‘ट्रिगर लागला नाही’ याचा अर्थ ‘करारातली अट पुरी झाली नाही’, एवढाच.

म्हणूनच खांब आणि बाग यांच्यातली तफावत हा योजनेतला बिघाड नसून तिची किंमत आहे. नुकसान मोजत बसण्याचा खर्च आणि वाद वाचवल्याबद्दल ही किंमत कोणाला तरी मोजावी लागणारच. प्रश्न एवढाच की कोणी. आज वाचलेला पैसा कंपनीकडे आणि सरकारकडे राहतो, तफावत शेतकऱ्याच्या अंगावर येते, आणि वर त्याला ऐकवलं जातं की तुझं नुकसान झालंच नाही.

गंमत म्हणजे त्याच योजनेत वादळ आणि गारपीट यांच्यासाठी जुनी रीत चालते : 72 तासांत कळवा, माणूस येईल, बाग बघेल, पंचनामा करेल. म्हणजे एकाच पॉलिसीत दोन वेगळे विचार शेजारी शेजारी नांदतात. थंडीला करार, वाऱ्याला मोजणी. वाऱ्याने पडलेलं झाड दिसतं आणि थंडीने थिजलेलं दिसत नाही, एवढं एक कारण मला पटतं. पण करार आणि मोजणी यांची सरमिसळ झाली की दोन्हींचे तोटे पदरात पडतात. लागवडच नसलेल्या शेतावर केळीचा विमा काढल्याची प्रकरणं याच जिल्ह्यात निघाली. ट्रिगर नुकसान तपासत नाही याचा अर्थ बागही तपासायची नाही, असा सोयीचा समज त्यामागे होता. बाग आहे की नाही ही मोजायचीच गोष्ट, आणि उपग्रहामुळे ती आता मोजता येते.

करार करारासारखा लिहिला तर बरंच सुधारता येईल. 8 अंशांवर सगळं किंवा काहीच नाही, असं करण्याऐवजी 10 पासून पायऱ्या लावता येतील, म्हणजे 8.4 च्या रात्रीलाही थोडा मोबदला राहील. प्रत्येक मंडळात काही बागांमध्ये साधे तापमापक लावून खांबापेक्षा बाग किती गार राहते ते दोन-तीन हिवाळे नोंदवता येईल आणि तो फरक मंडळागणिक अटीतच धरता येईल. हप्ता वाढेल, हे उघड आहे. त्यातला किती वाटा राज्याने उचलायचा आणि किती केळीवाल्याने, यावर भांडण व्हायला हवं, आणि ते निकष जाहीर होण्याआधी, हंगाम सुरू होण्याआधी व्हायला हवं.