आज्जी देव्हाऱ्याकडे तोंड करून गायची



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या नवव्या अध्यायातला चौदावा श्लोक घेतलाय. भगवंत इथे आपल्या भक्तांची ओळख सांगतात. ते सतत माझं कीर्तन करतात, दृढ निश्चयाने प्रयत्न करतात, मला भक्तीने नमस्कार करतात आणि असे नित्य माझ्याशी जोडलेले राहून माझी उपासना करतात. गाणं, प्रयत्न आणि नमस्कार, या तीन गोष्टी आज लक्षात ठेवूया.

या श्लोकावर ज्ञानोबा माउली किती रंगून बोलतात! त्यांचा भगवंत म्हणतो की मी एक वेळ वैकुंठात सापडणार नाही, सूर्यबिंबात दिसणार नाही, योग्यांच्या मनातूनही निसटून जाईन. पण मी हरवलो तर जिथे माझ्या नावाचा घोष चाललाय तिथे मला शोधा. म्हणजे देवाने स्वतःच आपला पत्ता देऊन ठेवलाय, आणि तो पत्ता गाण्याचा आहे.

हे वाचून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, कारण अभंग तर मी रोज ऐकते. ऑफिसला जाताना कानात इअरफोन असतो, 'भक्ती' नावाची प्लेलिस्ट आहे, त्यात एकशेचाळीस गाणी आहेत. पण गेल्या आठवड्यात सिग्नलला उभी असताना एक अभंग लागला आणि मला रडू आलं. शेजारच्या गाडीवरच्या काकू बघायला लागल्या. मी डोळे पुसले आणि मनात प्रश्न आला, हे पाणी कोणासाठी आलं? विठ्ठलासाठी, की आज्जीसाठी?

हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असेल. आपल्याला आवडणारं भक्तिगीत आपल्याला का आवडतं? त्यात देव असतो म्हणून, की त्यात आपलं बालपण असतं म्हणून?

माझं बालपण दोन गावांत वाटलेलं. घर साताऱ्याला, आजोळ सांगलीला. साताऱ्यातली संध्याकाळ म्हणजे करुणाष्टकं. दिवेलागणीला बाबा हातपाय धुऊन यायचे, आम्ही भावंडं खेळ अर्धा टाकून नाराजीनेच पाटावर बसायचो. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा कडा काळा होत जाताना दिसायचा. अर्थ काही कळत नव्हता. पण रामाला कोणीतरी कळवळून हाक मारतंय, आणि रोज सोसायटीच्या पाण्यावरून भांडणारे आपले बाबा त्या पाच मिनिटांत लहान मुलासारखे होतात, एवढं कळायचं.

सांगलीची सकाळ वेगळी. तिथे आज्जी आणि तिचा रेडिओ. आकाशवाणी सांगलीची भक्तिगीतं लागली की घराला जाग यायची. आज्जी चहा गाळता गाळता गायकाच्या पुढेच ओळ म्हणून टाकायची. सुट्टीत आम्ही पोरं अंथरुणात लोळत असायचो. आमटीची फोडणी, उदबत्तीचा वास, आणि वर ते गाणं. आजही ते सूर ऐकले की आधी फोडणीचा वास येतो आणि मग विठ्ठल आठवतो. खरं तेच सांगते.

गुरुवारी औदुंबरला दत्तदर्शन, मंगळवारी सांगलीचा गणपती. आणि घरात रामनवमीला गीतरामायण. त्याचा आज्जीला फार अभिमान, आणि तो गावकीचा अभिमान होता. गदिमांचा जन्म १९१९ साली शेटफळ्याचा, बालपण माडगूळचं. दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं. मग आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. संगीत सुधीर फडक्यांचं. आज्जी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. वाड्यात एकच रेडिओ, तो मालकांच्या ओसरीवर. ती सांगायची, "सगळा वाडा जमायचा. रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आम्हाला वाटायचं राम त्या पेटीतच बसलाय."

मी हसायचे. रेडिओची पूजा! आता विचार करते, त्या माणसांना आठवड्यात एकच गाणं मिळायचं. ते गाणं आठवडाभर तोंडात राहायचं, चुकायचं, शेजारणीला विचारून पुरं व्हायचं. माझ्याकडे एकशेचाळीस गाणी आहेत आणि त्यातलं एकही मला शेवटपर्यंत पाठ नाही.

पुढे टेपरेकॉर्डर आला तशी आज्जीने कॅसेट जमवायला सुरुवात केली. पंडित भीमसेन जोशींची संतवाणी, गीतरामायण, भूपाळ्या. कपाटाच्या खालच्या खणात सगळ्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या आजोळच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. मामाने सगळ्यांना आधीच एका शाळेत हलवलं होतं. पाणी उतरल्यावर मी पुण्याहून गेले. घरात चिखलाचा थर, भिंतींवर पाण्याची रेघ, आणि कपाटाचा तो खालचा खण. चिखल भरलेल्या कॅसेट, फिती बाहेर आलेल्या, चिठ्ठ्यांवरची अक्षरं धुऊन गेलेली.

मी तिथेच बसून रडायला लागले. आज्जी खराटा घेऊन आली, खणात वाकून बघितलं आणि म्हणाली, "उठ बाई. कॅसेट भिजली. गाणं कुठं भिजतंय?"

मामी मला नंतर म्हणाली, त्या शाळेच्या वर्गात पहिल्या रात्री कोणाला झोप नव्हती. कोणाची म्हैस गेलेली, कोणाचं दुकान पाण्यात. आज्जीने भिंतीला टेकून हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. शेजारच्या दोघींनी धरला, मग पलीकडच्या कोपऱ्यातून टाळ्या आल्या. पुस्तक नव्हतं, पेटी नव्हती, वीजसुद्धा नव्हती. ज्यांना पाठ होतं त्यांच्यापाशी गाणं होतं, बाकीचे त्यांच्या मागून म्हणत होते.

तीन वर्षांनी आज्जी गेली. आणि आता ती गोष्ट सांगते, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

ती जायच्या साधारण महिनाभर आधी, रात्री नऊच्या सुमाराला तिचा फोन आला. माझी मीटिंग चालू होती. तरी उचलला. म्हणाली, "अगं, तुकोबांचा तो अभंग गं, विटेवरच्या रूपाचा. गळ्यातल्या तुळशीच्या माळेपाशी येते आणि अडकते. पुढं काय आहे?" मी स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "आज्जी, यूट्यूबवर बघ ना. मामाला सांग, लावून देईल. मी कामात आहे." ती म्हणाली, "बरं बरं, कर तू काम." फोन ठेवला.

दिवसकार्याला गेले तेव्हा मामीला सहज बोलले. मामी म्हणाली, "छे गं, तो अभंग त्यांना पाठ होता. रोज म्हणायच्या. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होत्या."

म्हणजे ती अडकली नव्हती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, की मला येतंय का ते बघायचं होतं, की नुसतं दोन मिनिटं बरोबर म्हणायचं होतं, हे आता कोण सांगणार? पण खरी गोष्ट ही, की त्या क्षणी वेळ असता तरी मला पुढचं चरण सांगता आलं नसतं. मला ते येतच नव्हतं. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेला अभंग!

सिग्नलवर लागलेला अभंग हाच होता.

समर्थांनी दासबोधात नवविधा भक्ती सांगितली. चौथ्या दशकात पहिला समास श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा, तिसरा नामस्मरणाचा. हा क्रम बघा. आधी कानावर पडतं, मग तोंडात येतं, मग मनात राहतं. मी श्रवणावरून थेट स्मरणावर उडी मारली होती, मधलं तोंडात आणणं सोडून दिलं. म्हणून माझ्या स्मरणात देवाऐवजी फोडणीचा वास राहिला. श्लोकातला दुसरा शब्द आठवा, प्रयत्न. प्लेलिस्टमध्ये तो कुठेच नाही. तिथे बोटाने दाबलं की झालं.

समर्थ पुढे चौदाव्या दशकात हरिकथेबद्दल बोलताना आणखी एक इशारा देतात. गाण्याची कळा कितीही गोड असली तरी मन त्या कळेतच गुंतलं तर देवाची आठवण मागे पडते. मला वाटतं, हे फक्त गवयांसाठी नाही. आठवणीही अशाच गुंतवतात. गाणं सुरू झालं की मी आज्जीच्या स्वयंपाकघरात जाते आणि तिथेच बसून राहते. विठ्ठल दारात उभाच.

म्हणजे गोडवा वाईट का? अजिबात नाही. आमच्या आजोळाशेजारीच मिरज. तिथे भोपळ्याचे तंबोरे घडतात, आणि तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत. १९३७ साली दक्षिणेत रेल्वेने जाताना त्यांना बरं वाटेना. ते एका छोट्या स्टेशनवर उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत देह ठेवला, असं सांगतात. आयुष्यभराची कळा होती, पण शेवटी तिचं तोंड मालकाकडे होतं. गोडवा अडवत नाही. आपलं तोंड कुठे आहे, हा प्रश्न आहे.

आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गेल्या रविवारी सज्जनगडावर गेले होते. पायऱ्या चढून वर आले, समाधीपुढे बसले. संध्याकाळची उपासना सुरू झाली, करुणाष्टकं आली. बाबांची आठवण आली, पाट आठवला, डोळे भरले. नेहमीसारखंच. पण समोर बघितलं तर सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून बसलेली. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. आणि एकदम डोळ्यासमोर आलं, आज्जी गायची तेव्हा ती कधी आमच्याकडे बघायची नाही. तिचं तोंड देव्हाऱ्याकडे असायचं. आम्हाला तिची पाठ दिसायची, वेणी दिसायची. ती देवाकडे तोंड करून गात होती आणि मी इतकी वर्षं तिच्याकडे तोंड करून रडत होते.

आज्जीवरचं प्रेम सोडायचं नाहीये. फक्त तिच्या शेजारी जाऊन, ती बघायची तिकडे बघायचं. श्लोकातला तिसरा शब्द तोच, नमस्कार. नमस्काराला दिशा लागते.

म्हणून सिग्नलवरचं ते पाणी कोणासाठी होतं, याचा आता मी फार विचार करत नाही. ते आज्जीमुळे आलं हे खरं. पण आज्जीने ते गाणं मला स्वतःची आठवण राहावी म्हणून दिलं नव्हतं. तिला हे माहीत होतं की एक दिवस माझ्याही घरात पाणी शिरेल, कुठल्या ना कुठल्या रूपाने. तेव्हा कपाटातलं काही उरणार नाही. तोंडात असेल तेवढंच उरेल.

घरी आल्यावर तो अभंग वहीत लिहून काढला. तुळशीच्या माळेनंतर पीतांबर, आणि पुढच्या चरणात कानातली कुंडलं आणि गळ्यातला कौस्तुभ येतो. आज्जी, सापडलं गं. चार दिवस लागले पाठ व्हायला. आवाज माझा बेसूर आहे, शेजारच्यांना त्रास होतो की काय अशी भीती वाटते, म्हणून देव्हाऱ्यापुढे हळूच म्हणते. पण म्हणते.

आजचा संकल्प छोटाच. तुमच्या सगळ्यात आवडत्या भक्तिगीतातलं एक निवडा. इअरफोन काढा. ते शेवटच्या चरणापर्यंत पाठ करा आणि रोज एकदा, कसंही, मोठ्याने म्हणा. घरात कोणी वडीलधारं असेल तर आज रात्रीच फोन करा आणि म्हणा, "मी अडकलेय, पुढचं चरण सांगा ना." येत असलं तरी विचारा. आणि त्यांचा फोन आला तर मीटिंग दोन मिनिटं थांबू शकते.

जय जय रघुवीर समर्थ. उद्या पुढचा श्लोक घेऊ.