चंद्रसूर्य असेतोवर

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात शिरण्याआधी ओसरीच्या भिंतीवर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा पाचव्या शतकातला लेख आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जगात आठवण राहते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतोवर टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. आत गेलं की डाव्या हाताला बुद्धाचं महापरिनिर्वाण. घडलेलं सगळं मोडणार, असं सांगून गेलेला गुरू तिथे निजलेला, आणि दाराशी शिष्याचा टिकण्याचा हा हट्ट. मला हा भिक्षू घरातला वाटतो. सध्या माझाही तोच वाद चालू आहे.

आयुष्यभर कलेचा इतिहास शिकवला आणि सुट्ट्या अजिंठ्यात काढल्या. त्याची एक खोली झाली आहे. ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या, बुरशी धरलेल्या स्लाइड्स, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी यांच्या रंगपट्ट्या, वह्या. जुन्या निगेटिव्हना आंबट वास येतो, म्हणजे फिल्म आतून सडायला लागली. एका ग्रंथालयाने हे सगळं घ्यायची तयारी दाखवली आहे, पण दोन कपाटांत मावेल तेवढंच.

“आत्या, सगळं स्कॅन करून टाक ना. आता जागेला पैसे पडतात कुठे?” भाचा म्हणतो. कुठलं लेणं, कुठली भिंत, कुठलं साल हे न लिहिलेली चित्रं डिस्कवर ठेवली काय नि नाही काय. शिवाय डिस्कही मरते. वेळोवेळी कुणीतरी तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं असतं. तो कुणीतरी कोण, असं विचारलं की भाचा चहा टाकायला उठतो.

निवड करायचीच नाही, हा मार्ग भाविक वाटतो. पण मग निवड दुसरं कुणी करतं. रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या, आणि त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच जळाल्या. वाचलेल्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांतल्या काही नकलांत जे दिसतं ते भिंतीवरून गळून गेलं आहे. तिथे आता नक्कल हाच पुरावा.

मग ठेवणं हा मोह की कर्तव्य? मला उत्तर बौद्धांपेक्षा जैनांकडे सापडलं. अपरिग्रह हे ज्यांचं महाव्रत, त्यांनीच ग्रंथभांडारं राखली. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाला अशी जुनी भांडारं आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, पोथ्या बाहेर काढून पुसायच्या, वेष्टनं बदलायची, त्यांची पूजा करायची, अशी दिगंबरांची रीत. अंगावर वस्त्रही नसलेल्या मुनीला पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढं मात्र जवळ बाळगता येतं. पिंछी जीव वाचवायला, कमंडलू शुद्धीला, शास्त्र ज्ञानाला. ‘माझं’ म्हणून त्यातलं काहीच नाही. परिग्रह वस्तूत नसतो, तिच्यावरच्या नावात असतो, असं मी त्यावरून धरते. पंडित कदाचित हरकत घेतील.

ही कसोटी लावली आणि खोलीत उलटंपालटं झालं. अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची मी केलेली मोठी नक्कल, जिचं प्रदर्शनात फार कौतुक झालं, ती ग्रंथालयाच्या यादीतून गेली. पद्मपाणीचे उत्तम फोटो जगभर आहेत. त्या नकलेत नवं काय असेल तर मी. उलट १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या एका कोपऱ्याची अस्पष्ट स्लाइड राहिली. तिच्यात गिलावा फुगलेला दिसतो आणि चौकटीवर तारीख आहे. वहीतली ‘सकाळी हिरवा वाटला, दुपारी करडा’ अशी नोंदही राहिली, कारण तो उजेड पुन्हा येणार नाही. एका जुन्या चित्रकाराने माझ्यापाशी बोलून दाखवलेलं खासगी दुखणं मात्र अभ्यासाच्या वहीतून कापून काढलं. ते अभ्यासाचं नव्हतंच.

सगळ्यात अवघड गेला जॉन स्मिथ. २८ एप्रिल १८१९ रोजी या इंग्रज अधिकाऱ्याने १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावर, स्वतःचं नाव कोरलं. मला अजून राग येतो. तरी त्या ओरखड्याचं माझं ट्रेसिंग ठेवते आहे. लेण्यांची ‘शोधाची’ तारीख म्हणून पुस्तकं जी सांगतात ती त्या विटंबनेतच कोरलेली आहे, आणि आपल्याला आवडतं तेवढंच ठेवलं तर तो नुसता माझा देव्हारा होईल.

जे काढलं त्याची यादी केली आहे: काय होतं, का काढलं. कपाटांबरोबर तीही जाईल. पुढच्या कुणाला माझी निवड चुकीची वाटली तर निदान भांडायला काहीतरी हाती असावं.

तुम्ही चित्र काढत असाल किंवा अभ्यासत असाल, तर एवढं आजच करा. प्रत्येक कागदाच्या मागे जागा, तारीख आणि उजेड लिहा. मऊ पेन्सिलीने लिहा. शाई पुढच्या बाजूला फुटते.