'आळशी' हें विशेषण

आत्महत्या हें पाप आहे, भेकडपणा आहे, कीं मनुष्याचा अधिकार आहे, या प्रश्नाचा खल तत्त्वज्ञांनीं पुष्कळ केला आहे. ह्यूमनें तिच्या निषेधाचीं कारणें एकामागून एक खोडून काढलीं. तो निबंध त्याच्या मरणानंतर १७७७ मध्यें प्रसिद्ध झाला. कांटनें १७८५ मध्यें उलट सांगितलें कीं, दुःख चुकविण्यासाठीं जीव देणारा मनुष्य स्वतःचा केवळ साधन म्हणून उपयोग करतो, आणि मनुष्य हा कधींहि केवळ साधन नसतो. हे दोन्ही पक्ष मी वर्गांत पंचवीस वर्षें शिकवीत आलों आहें. परंतु या साऱ्या वादांत प्रश्न विचारला जातो तो मरूं पाहणाऱ्याला. बीडसारख्या जिल्ह्यांत मास्तरकी केल्यावर मला असें वाटूं लागलें आहे कीं, निदान कोवळ्या वयाच्या मुलांपुरता तरी आपण तो चुकीच्या माणसाला विचारीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं केज तालुक्यांतील एका खेड्याचा मुलगा माझ्या वर्गांत होता. तोंडीं विचारलें तर उत्तर असें देई कीं, मागल्या बांकावरचेहि कान टंवकारीत. पण उत्तरपत्रिका हातीं आली कीं काने-वेलांट्या गळालेल्या, अक्षरें मागेंपुढें झालेलीं, निम्मे प्रश्न कोरे. मीं तांबड्या शाईनें एकच शब्द लिहिला : 'आळशी'. शेरा मारण्यास एक क्षणहि लागला नाहीं.

त्या मुलाला डिस्लेक्सिया होता. ध्वनि आणि अक्षर यांची जी सांगड इतरांच्या मनांत आपोआप बसते, ती बसविण्यास अशा मुलाला प्रत्येक ओळीशीं झगडावें लागतें. बुद्धीशीं याचा संबंध नाहीं. म्हणजे ज्याला मीं आळशी ठरविलें, तो वर्गांत सर्वांत अधिक श्रम करणारा होता! माझी चूक निदानाची असती तर ती क्षम्य होती. मी वैद्य नव्हें. पण 'आळशी' हा निदानाचा शब्द नव्हे, तो दोषारोपाचा शब्द आहे. लंगडणाऱ्या मुलाला आपण 'मुद्दाम हळू चालतोस' असें म्हणत नाहीं. वाचतांना अडखळणाऱ्याला, एका जागीं चित्त न ठरणाऱ्याला, चारचौघांत नजर वर न करणाऱ्या स्वमग्न मुलाला मात्र आपण तेंच म्हणतों, आणि पहिलीपासून बारावीपर्यंत म्हणतों. स्वमग्न तरुणांपैकीं जे आपला स्वभाव झांकून इतरांसारखे दिसण्याची अखंड धडपड करतात, त्यांच्या मनांत मरणाचे विचार अधिक आढळतात, असें पाश्चात्य संशोधकांना दिसून आलें आहे. मला त्यांत नवल वाटत नाहीं. आरोपी इतकीं वर्षें ऐकतो, आणि शेवटीं स्वतःच न्यायाधीशाच्या बाजूला जाऊन बसतो.

आमच्या जिल्ह्यांत या आरोपाला आणखी एक धार आहे. दसरा-दिवाळी उलटली कीं येथील लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम त्यावर आगाऊ उचल देतो, ती पुढें कष्टानें फेडावयाची. अशा घरांतला एखादा मुलगा शिकतो, तेव्हां लातूरच्या शिकवणीची फीहि पुष्कळदां त्या उचलींतूनच जाते. "तुझ्यासाठीं पाचटांत हात कापून घेतों आम्ही," असें बाप एखादे वेळीं बोलून जातो. त्यांत माया असते, खोटेंहि कांहीं नसतें. पितृऋणाची कल्पना आपल्या रक्तांत आहेच, येथें तिला मुकादमाच्या वहीचें रूप येतें. मुलगा स्वतःलाच एक उचल समजूं लागतो. मग अक्षरें वश होईनात कीं तो हिशेब मांडतो, आणि आपण घराला झालेलें बुडीत खातें आहों असें ठरवितो. हिशेब साफ चुकीचा आहे. ज्यांचा भार हलका करावा असें त्याला वाटतें, त्यांच्या खांद्यावर तो कधींहि न उतरणारा भार ठेवील. पण त्यानें स्वतःला साधन मानलें म्हणून कांटचा आधार घेऊन त्याला दोष देण्यापूर्वीं, ती भाषा त्याला कोणीं शिकविली हें पाहिलें पाहिजे.

२०२२ सालीं भारतांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं प्राण दिले, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, असें सरकारी नोंद सांगते. त्यांतले किती माझ्या विद्यार्थ्यासारखे होते हें त्या नोंदींत नाहीं, आणि एका कारणानें कोणी मरतहि नाहीं. कायदा मात्र आपल्यापेक्षां सुधारलेला निघाला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानें या अडचणींना नांव दिलें; पुढें परीक्षेंत तासाला निदान वीस मिनिटें अधिक देण्याचेंहि ठरलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें जीव देऊं पाहणाऱ्याला अपराधी न मानतां तीव्र ताणाखालीं असलेला मनुष्य मानलें. गुणपत्रिकेवरील 'नापास' शब्द काढून 'कौशल्य विकासास पात्र' असें लिहूं लागले, त्याचें मला हंसूं येतें; मुलांना शब्दाआडचा शब्द वाचतां येतो. त्यापेक्षां २०१५ मध्यें दहावीच्या निकालामागोमाग फेरपरीक्षा सुरू केली, ती खरी मोलाची. वर्ष गेलें असें वाटण्याऐवजीं आठवडे गेले असें वाटणें, एवढ्यानेंहि माणूस तरतो.

कारण मरणाची इच्छा हा बहुधा स्थिर निश्चय नसतो, ती एक लाट असते. श्रीलंकेंत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली, तेव्हां तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्याहून खालीं गेलें. लाट ओसरेपर्यंत साधन हाताशीं नव्हतें, आणि माणसें जगलीं. शेतीचीं औषधें घरांत कुलुपाआड असावींत, हा उपाय नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं, पण एखाद्या घराला तो माझ्या सगळ्या व्याख्यानांहून उपयोगी पडेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याची लाट एका वसतिगृहांतल्या रात्रीं आली. हें त्यानें मला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें, आणि माझा शेरा त्या दिवसांतल्या अनेक शेऱ्यांपैकीं एक होता हेंहि सांगितलें. बहुधा माझें मन राखण्यासाठीं. तो आपल्या वह्या आणि घड्याळ मित्रांना वाटून टाकूं लागला होता. धारूरकडच्या सोबत्याला तें खटकलें. त्यानें सरळ विचारलें, "काय रे, मरायचा इचार हाय का तुझा?" असें विचारलें कीं नसता विचार डोक्यांत भरतो, अशी आपली समजूत आहे, ती खरी नाहीं. मुलगा रडूं लागला. सोबती उजाडेपर्यंत शेजारीं बसून राहिला, सकाळीं त्यानें मामाला बोलावून घेतलें, आणि मामानें त्याला अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलें. आज १४४१६ या क्रमांकावर कोणत्याहि घटकेला, मराठींतहि, असें बोलणारें माणूस फुकट मिळतें. तेव्हां तें नव्हतें, सोबती होता.

तो मुलगा आतां केजला विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. दोन महिन्यांतून एकदां मोबाइलवर त्याचा आवाज येतो, पाऊसपाण्याची चौकशी करतो, कधीं वर्गांतला एखादा जुना वाद पुन्हां उकरून काढतो. मी संवयीनें लांबलचक उत्तर लिहून पाठवीत असें. एकदां तो संकोचत म्हणाला, "सर, तुम्हीबी बोलूनच पाठवत जा कीं."