14 किलोंचा हिशेब

पाचही जण उभे राहा आणि प्रकल्पाचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा. ‘नागपुरातल्या हुडकेश्वरच्या पलीकडच्या लेआऊटमधल्या लोकांना आहाराचं ज्ञान नाही, म्हणून ते चिप्स आणि आलुबोंडे खातात.’ तीस घरांच्या किराण्याच्या याद्या जमवल्यात, उन्हात फिरलात, आणि निष्कर्ष मात्र घरूनच ठरवून नेलात. लाज वाटायला हवी.

फळ्याकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये सांगितलं: माणशी रोज 400 ग्रॅम भाजी. घरात पाच माणसं, आठवडी बाजार सात दिवसांतून एकदा. किती झाली? 14 किलो. एवढी भाजी कामाचा खाडा पाडून, बसमध्ये उभं राहून आणायची आणि मे महिन्यातल्या 45 अंशांत फ्रिजशिवाय आठवडाभर टिकवायची. पालक त्याच संध्याकाळी मान टाकतो, सांभार दुसऱ्या दिवशी काळा पडतो. म्हणून त्या लेआऊटमधली बाई आलू, कांदे आणि डाळ घेते. तुम्हीच आणलेल्या यादीत लिहिलंय, नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं. तिचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे.

रेशनवर बहुतेकांना महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून मोफत. त्यानं पोट भरतं, पण रेशन दुकानात भाजी मिळत नाही. टपरीवर चिप्सची 5 रुपयांची पुडी महिनोन्‌महिने लटकलेली असते, सडत नाही. भुकेलं पोर तिलाच हात घालणार. रात्री आठला थकून परतलेल्या मायबापांना चौकात एकच ठेला उघडा दिसतो, आलुबोंड्याचा.

शहरात भाजी कमी नाही, कळमन्याच्या घाऊक बाजारात भाजीचे ट्रकच्या ट्रक उतरतात. तुमच्या घरापासून गोकुळपेठेचा बाजार चार पावलांवर. तुमच्या डब्यातल्या ताज्या भाजीत तुमची हुशारी कणभरही नाही. आणि फाटकाजवळचा भाजीचा ठेला हटवा म्हणून सोसायटीनं अर्ज केला, हे तुमच्यातल्याच दोघांनी मला कौतुकानं सांगितलं होतं! पथविक्रेत्यांसाठी 2014 पासून कायदा आहे. त्यांना जागा नेमून द्यायची असते, हाकलायचं नसतं. घरी जाऊन हे सांगा.

ते वाक्य आत्ता, माझ्यासमोर खोडा. रविवारी त्याच तीस घरी परत जायचं. प्रत्येक दारापासून ताज्या भाजीपर्यंत पायी किती मिनिटं लागतात, ते स्वतः चालून मोजायचं. सोमवारी आकडे माझ्या टेबलावर हवेत.