गुपित कुणाचे?

घराण्यात कोणते दुखणे चालत आले आहे, हे पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तोंडपाठ असे. अमक्यांकडे साखर, तमक्यांकडे दमा. लग्न जुळवताना ही माहिती हळूच पुढे सरके आणि दिवाळीत काकांच्या ताटातला लाडू मुकाट्याने उचलला जाई. ते ज्ञान ढोबळ होते, पण साऱ्यांचे होते. आता नळीत थोडी लाळ द्यावी, पैसे भरावेत, की काही आठवड्यांनी आपल्या नावाचा कागद येतो: मधुमेहाचा संभव इतका, हृदयविकाराचा तितका. कागदावर नाव एकाचेच असते. मजकूरही एकाचाच असतो काय?

मधुमेहापुरता हा प्रश्न फारसा टोचत नाही. २००६ साली आइसलंडमधील संशोधकांनी एका जनुकाचा असा प्रकार दाखवून दिला, की तो अंगी असल्यास प्रौढपणीच्या मधुमेहाचा संभव वाढतो. पण त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगातून असेही दिसले, की आहार आवरून रोज चालणाऱ्यांच्या बाबतीत त्या जनुकाचा जोर बराच ओसरतो. शिवाय असले आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेले. आपल्याला ते तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. असा कागद भावाने भावाला दाखवला तर बिघडते काय? फार तर दोघे मिळून सकाळी पर्वती चढू लागतील.

पेच उभा राहतो तो खात्रीने टाळता न येणाऱ्या रोगाच्या बाबतीत. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांनी २००७ साली स्वतःचा सारा जनुकसंच जगापुढे खुला केला. फक्त एपीओई नावाचा एक जनुक वगळायला सांगितला. त्याच्या एका प्रकाराने अल्झायमरचा, म्हणजे म्हातारपणी स्मृती पुसून टाकणाऱ्या रोगाचा, धोका वाढतो. आणि वॉटसन यांच्या आजीला तो रोग झाला होता. ज्याने ही पोथी उघडली, त्यानेच तिचे एक पान चिकटवून ठेवावे! मला यात भित्रेपणा दिसत नाही. पण पुढे काही संशोधकांनी दाखवले, की शेजारच्या अक्षरांवरून झाकलेले अक्षर ताडता येते. तेव्हा आजूबाजूचा मजकूरही काढून टाकावा लागला.

शेजारच्या अक्षरांवरून कळते, तसे नातलगांवरूनही कळते. त्या प्रकाराच्या दोन्ही प्रती बापाच्या अंगी निघाल्या, तर त्याच्या प्रत्येक अपत्याकडे एक प्रत असणारच. रोग होईलच असे नव्हे. पण धोका आला. प्रश्न बापाने विचारला, उत्तर मुलीलाही मिळाले. तिने तर विचारलेच नव्हते.

कुणी म्हणेल, कळले तर कळले. अल्झायमर झालेल्या माणसांच्या प्रौढ मुलांना त्यांचा हा जनुक सांगितला, तरी त्यांची चिंता फार काळ वाढलेली राहिली नाही, असे २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. खरे आहे. पण ती माणसे आपण होऊन आली होती, आणि त्यांना आधी सारे समजावून दिले होते. फराळ करता करता बाबा सहज बोलून गेले, असे तेथे घडले नव्हते.

बापाला कुणी अडवू नये. मात्र नळी भरण्यापूर्वी त्याने घरात विचारावे, ‘कळले तर तुम्हांला सांगू का?’ आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे ऐकावे. हे पाळणे अवघड आहे. न सांगणाऱ्याचा चेहराच पुष्कळदा सांगून टाकतो. शिवाय कागद घरातच राहतो असेही नाही. २०२५ साली अशी तपासणी करणारी एक मोठी अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा सुमारे दीड कोटी माणसांची माहिती विक्रीच्या मालात जमा झाली. त्या दीड कोटींच्या भावंडांना कुणी विचारले होते?

आणि शाळकरी पोराची लाळ पाठवायला निघालेल्या आईबापांना तर मी दारातच थांबवीन. सत्तरीत कदाचित होईल अशा रोगाची वार्ता त्याच्या दप्तरात आताच कशाला भरायची? तो मोठा होईल. वाटले तर स्वतः विचारील.