कर्ता कुठे गेला?

गडचांदूरची एक विद्यार्थिनी नागपुरात जनसंपर्काची उमेदवारी करून सुटीत घरी आली. बातमीचा गाभा पहिल्या परिच्छेदात, वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी, ही शिस्त तिने अंगी बाणवली आहे. आम्हां प्रवचनकारांनाही ती हवीच! मात्र सरावाच्या एका पत्रकात तिने ‘विलंब झाला’ असे लिहिले होते. कोणी केला, असे मी विचारताच ती म्हणाली, “फादर, तसं लिहायचं नसतं.”

या व्यवसायाचा एक आद्य पुरुष आयव्ही ली हा धर्मोपदेशकाचा मुलगा. १९०६ साली त्याने वृत्तपत्रांना अचूक माहिती देण्याचे जाहीर वचन दिले. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांची बायकामुले मेली, तेव्हा मालकांच्या वतीने चुकीच्या मजकुराची पत्रके काढणाराही तोच.

पण खोटे न लिहिता नुसता कर्ता वगळला, तर आठव्या आज्ञेचा भंग होतो का? प्रत्येक मौन असत्य नव्हे. कोणाची अब्रू राखण्यासाठीही आपण गप्प राहतो. परंतु ज्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे त्याच्यापासूनच कर्ता लपवला, तर व्याकरण शुद्ध राहूनही साक्ष खोटी होते, असे मला वाटते.

हे तिला सांगितले आणि आमच्या सभेचा अहवाल आठवला. ‘छपराची दुरुस्ती लांबली’ असे मीच त्यात लिहिले होते. ते खोडून ‘मी लांबवली’ असे केले.