परदेशातील सेवा आणि सेवकाचा भाव

सेवेच्या हेतूने थोड्या दिवसांकरिता परदेशी जाण्याचा प्रघात आज पुष्कळ रूढ झाला आहे. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती मंडळ्या सुट्टीच्या दिवसांत आपल्या तरुणांना मेक्सिको, ग्वाटेमाला यांसारख्या देशांत पाठवितात. तेथील एखाद्या समाजकेंद्रात, म्हणजे आपल्याकडील समाजमंदिरासारख्या वास्तूत, हे तरुण आठ-पंधरा दिवस राबतात. भिंती रंगवितात, मुलांना खेळवितात, कपडे वाटतात आणि भरल्या डोळ्यांनी घरी परततात. हेतू शुद्ध असतो आणि श्रमही खरे असतात. असे असताना या कर्माला सात्त्विक म्हणण्यास अडचण कोणती?

अडचण आहे, आणि ती सूक्ष्म आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळावर दृष्टी ठेवून दिलेले दान राजस होय. येथे फळ म्हणजे केवळ पैसा किंवा कीर्ती नव्हे. ‘माझ्या हातून काही चांगले घडले’ हे समाधानही फळच आहे, आणि ते घरी नेण्यासाठीच कोणी गेला असेल तर दाता कोण आणि याचक कोण, हे ठरविणे कठीण होते. तामस दानाच्या वर्णनात तर भगवंत अनादर आणि अवज्ञा यांचा स्पष्ट उल्लेख करतात. कनवाळू मनुष्य कधी अवज्ञा करील, असे आपणास वाटत नाही. परंतु समोरच्याला काय हवे ते त्याला न विचारताच ठरविणे, ही अवज्ञा नव्हे काय? ज्या गावात रंगारी कामावाचून बसला आहे, त्या गावची भिंत रंगविण्यासाठी हजारो मैलांवरून विद्यार्थी यावेत, यात त्या रंगाऱ्याचा मान कोठे राहिला?

२० एप्रिल १९६८ रोजी अशाच विद्यार्थी-सेवकांसमोर इव्हान इलिच यांचे भाषण झाले. इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मोपदेशक. तरीही त्यांनी त्या तरुणांच्या सद्हेतूंची गय केली नाही. ज्यांची भाषाही तुम्हांस येत नाही त्यांचे भले तुम्ही कसे करणार, असा त्यांचा रोख होता. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असे त्यांनी शेवटी सांगितले. शब्द कठोर होते. कदाचित गरजेहून अधिक कठोर. कारण दोषाच्या भयाने कर्मच टाकून देणे गीतेला मान्य नाही. अग्नीबरोबर धूर असतोच, म्हणून कोणी चूल विझवीत नाही.

मग धूर कमी कसा व्हावा? जेन अ‍ॅडम्सबाईंचे चरित्र येथे उपयोगी पडते. त्या १८८८ साली लंडनच्या दरिद्री वस्तीतील टॉयन्बी हॉल हे केंद्र पाहावयास गेल्या. परदेशात जाऊन त्यांनी कोणाचा उद्धार केला नाही. पाहिले, समजून घेतले आणि त्या परतल्या. पुढील वर्षी शिकागोत एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह त्यांनी हल हाउस उघडले. भोवती इटली, जर्मनी, आयर्लंड अशा देशांतून आलेल्या श्रमिकांची वस्ती होती. परका देश त्यांच्या स्वतःच्याच देशात, हाकेच्या अंतरावर होता.

चुका त्यांच्याही झाल्या, आणि त्या त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत. शेजाऱ्यांसाठी त्यांनी शास्त्रशुद्ध, पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर काढले. हिशेब चोख होता, पण लोक येईनात. एका बाईने सरळ सांगितले की, अन्न पौष्टिक आहे खरे. पण आपल्याला पौष्टिक नको, आवडेल ते खावेसे वाटते! आठ दिवसांचा सेवक असता तर हे वाक्य त्याच्या कानी पडलेच नसते. तो आपल्या दानाचे समाधान घेऊन केव्हाच घरी गेला असता. अ‍ॅडम्सबाई तेथेच राहत होत्या, म्हणून त्यांना ते ऐकावे लागले. त्याच इमारतीतील कॉफीगृह मात्र लोकांच्या बसण्याउठण्याचे ठिकाण झाले.

मजुरीला जाणाऱ्या एका आईचे मूल दिवसभर टेबलाच्या पायाला बांधलेले राहून त्याचा कणा वाकला होता. असे प्रकार पाहिल्यावर तेथे पाळणाघर सुरू झाले. गल्ल्यांतील कचरा उचलला जात नव्हता. तक्रारी करून भागेना, तेव्हा १८९५ साली बाईंनी त्या विभागाच्या कचरा-निरीक्षकाचे काम पत्करले आणि पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे जाऊ लागल्या. या कामात भरल्या डोळ्यांना वाव नव्हता. सात्त्विक कर्त्याला गीता अनहंवादी म्हणते. ‘मी’ची भाषा न बोलणारा. कचऱ्याच्या गाडीमागे चालताना ती भाषा बोलणे तसे अवघडच.

गृहस्थाच्या घरातील मुलगा अशा सेवेला निघाला, तर त्याला अडवू नये. तेथल्या लोकांनी बोलावले आहे काय, आणि काम त्यांनी सांगितलेले आहे की येथून ठरवून नेलेले, एवढे मात्र त्याला विचारावे. तो परतल्यावर आणखी एक प्रश्न विचारता येईल: आपल्या गल्लीचा कचरा उचलणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक आहे काय?

अ‍ॅडम्सबाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ साली मृत्यू येईपर्यंत हल हाउस हेच त्यांचे घर होते.